बीपासून रानकेळ: कवदर आणि गुलाबी केळ घरी कशी उगवायची

बाजारातून आणलेल्या केळ्यापासून केळीचं रोप होत नाही. ग्रँड नैन असो, बसराई असो की श्रीमंती, त्यात रुजणारं बी नसतंच. केळं आडवं कापल्यावर मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती वाढ खुंटलेली बीजांडं. कुंडीत पेरली की ती कुजतात. या जातींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि फळ परागीभवनाशिवायच भरतं. म्हणूनच रावेर-यावलपासून अर्धापूर-वसमतपर्यंतची सगळी लागवड कंद, मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्लं) किंवा टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं यांच्यावर चालते. घरच्या परसात खाण्यासाठी केळी हवी असतील तर अरुंद, तलवारीसारख्या पानांचा अर्धा-पाऊण किलोचा मुनवा आणा किंवा रोपवाटिकेतून टिश्यूकल्चरचं रोप घ्या. साधारण वर्षभरात घड पडतो. त्या कामी बियांच्या वाटेला जाऊ नका.

बी असतं ते रानकेळीला, आणि रानकेळ बीपासून वाढवणं हा वेगळाच छंद आहे. त्याला चिकाटी लागते, पण सामान फारसं लागत नाही.

कोणती जात घ्यायची

सह्याद्रीच्या कातळकड्यांवर आणि घाटातल्या दरडींवर पावसाळ्यात जी एकेकटी, बुडाशी सुरईसारखी फुगलेली केळ दिसते ती कवदर. तिलाच चवेणी किंवा नुसतंच रानकेळ म्हणतात. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम. ही आपल्या खाण्याच्या केळीची चुलत बहीण, कारण खाण्याची केळ ज्या मुसा प्रजातीत मोडते तिच्यात ही मोडत नाही. तिला मुनवे फुटत नाहीत. एक कंद, एक खोड, आयुष्यात एकदाच केळफूल, आणि घड पिकला की झाड मरतं. त्यामुळे कवदर लावायची तर बीशिवाय दुसरा मार्गच नाही. डिसेंबरच्या आसपास तिची पानं वाळून जातात, उन्हाळाभर नुसता कंद बसून राहतो आणि वळवाच्या सरी पडल्या की पुन्हा पोंगा, म्हणजे नव्या पानाची सुरळी, वर येतो. फळात गर नावापुरता, बाकी सगळ्या बिया. कोवळ्या गाभ्याची आणि केळफुलाची भाजी मात्र डोंगरातल्या गावांत करतात.

गॅलरीसाठी गुलाबी केळ बरी, म्हणजे मुसा व्हेलुटिना. ही ईशान्य भारतातली. उंची पाच-सहा फूट, फूल वरच्या दिशेने उभं, फळं बोटाएवढी, गुलाबी आणि मखमली. पिकल्यावर साल आपोआप सुटून मागे वळते. गर गोडसर असतो, पण खाताना दात सांभाळावे लागतात. बीपासून फूल यायला वर्ष-दीड वर्ष पुरतं, आणि नंतर तिला मुनवेही फुटतात. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच घ्यावी असं आमचं मत आहे.

तिसरी आसामची भीमकोल, म्हणजे बी असलेली मुसा बाल्बिसियाना. फळ गोड, बिया भरपूर, झाड चांगलंच उंच. तिला कुंडी पुरत नाही. जमीन असेल तरच विचार करा.

बी मिळवताना होणारी फसवणूक

ऑनलाइन दुकानांत ‘निळ्या केळीचं बी’, ‘लाल बुटक्या केळीचं बी’, ‘बोन्साय केळीचं बी’ अशी पाकिटं मिळतात. ती घेऊ नका. ब्लू जावा नावाची जात खरोखर आहे आणि तिच्या कच्च्या फळावर रुपेरी निळसर झाकही असते, पण तीही मुनव्यापासूनच वाढते. लाल केळीचंही तसंच. पाकिटावर जातीचं शास्त्रीय नाव नसेल तर आत काहीही असू शकतं.

केळीचं खरं बी काळं किंवा गडद तपकिरी, दगडासारखं टणक आणि वेडंवाकडं, कोनदार असतं. नखाने खूण उमटत नाही. गुलाबी केळीचं बी ४-५ मिलिमीटर, भीमकोलचं त्याहून थोडं मोठं, कवदरचं जवळजवळ १ सेंटिमीटर. एका बाजूला बेंबीसारखा खळगा असतो आणि त्यात एक छोटं बूच बसलेलं असतं. कोंब त्याच वाटेने बाहेर येतो, म्हणून हा भाग जपायचा. चपटं, हलकं, पिवळसर किंवा गुळगुळीत गोल बी आलं तर ते केळीचं नाही.

कवदरचं बी काष्ठौषधींच्या दुकानात मिळू शकतं, कारण मुतखड्यावर ते देण्याची जुनी रीत आहे. मात्र ते औषधासाठी साठवलेलं असतं, पेरण्यासाठी नाही. किती जुनं आहे, किती तापलंय, याचा भरवसा नसतो. घ्यायचंच तर थोडंसं घ्या आणि आधी चाचणी करा. अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय फळं-बिया आणणं बेकायदा आहे. खासगी डोंगरजमिनीवरच्या झाडाखाली गळून पडलेली फळं मालकाला विचारून उचलावीत, तीही मोजकी. अख्खा घड उतरवला तर त्या कड्यावर पुढचं झाड कुठून येणार? कवदर मरताना मागे बीच ठेवून जाते.

परदेशात राहणाऱ्या नातलगांना टपालाने बी पाठवू नका. बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणं अडवलं जातं, आणि केळीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियासारख्या देशांचे नियम फारच कडक आहेत. तिथल्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेणं सोपं.

बी जिवंत आहे का

दहा-पंधरा बियांमागे एक बी बळी द्या. अडकित्त्यात धरून फोडा. आत पांढराशुभ्र, पिठासारखा भुरभुरीत गर असेल तर बी चांगलं. गर तपकिरी, पिवळट तेलकट, आक्रसलेला असेल किंवा आत पोकळी असेल तर ते बी गेलेलं. फोडलेल्या दोन्ही-तिन्ही बिया खराब निघाल्या तर बाकीच्यांवर चार महिने घालवू नका.

पाण्यात तरंगणारं बी फेकून द्यायची पद्धत केळीला तंतोतंत लागू पडत नाही. कोरडं बी सुरुवातीला हवा धरून तरंगतं. दोन दिवस भिजल्यावरही जे वर राहील ते वेगळ्या डब्यात पेरा, एवढंच.

ताजं फळ हाती आलं तर ते पूर्ण पिकून मऊ होऊ द्या. गर कुस्करून भांडंभर पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा म्हणजे आंबून सुटा होईल. मग चाळणीवर मूठभर वाळू घालून बिया चोळून धुवा. गराचा चिकटा राहिला तर पुढे हमखास बुरशी धरते, आणि गर रुजण्यात अडथळाही आणतो. धुतलेल्या बिया सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. जमल्यास दोन-तीन महिन्यांच्या आत पेरा, कारण साठवणीत बियांचा जोम हळूहळू उतरत जातो.

भिजवणं

गुलाबी केळ आणि भीमकोल यांचं बी दोन दिवस, कवदरचं चार-पाच दिवस कोमट पाण्यात भिजत घाला. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. कोमट म्हणजे अंगावर घेता येईल इतपत. उकळतं पाणी ओतायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो पाळू नका. कवच जाड असलं तरी अंकुर बुचाच्या लगेच आत असतो आणि आधी तोच शिजतो.

बी काचपेपरवर घासायचं की नाही यावर मतभेद आहेत. ताज्या बीला गरज नाही. वर्षभर जुनं, खडखडीत वाळलेलं बी असेल तर ८० किंवा १०० नंबरच्या काचपेपरवर बेंबीच्या विरुद्ध बाजूला पाच-सहा वेळा घासा. काळा थर किंचित फिका झाला की थांबा. आतला पांढरा गर दिसला म्हणजे जास्त घासलं गेलं, आणि अशा बीत बुरशी शिरायला दार उघडं. तीव्र आम्लात बुडवण्याचा प्रयोग घरी करू नये. जिबरेलिक अॅसिड या वाढीच्या संप्रेरकाचाही भरवशाचा फायदा नाही, उलट प्रमाण चुकलं तर रोप लांबट आणि लुळं निघतं.

भिजवून झाल्यावर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बिया दहा मिनिटं ठेवून तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवा. महिनोन् महिने ओल्या माध्यमात (बी पेरायच्या मिश्रणात) पडून राहायचंय, तेव्हा बाहेरची बुरशी आधीच कमी केलेली बरी. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर तो माध्यमात मिसळा. ब्लीचमधून काढलेलं बी न धुता त्यात टाकलं तर ट्रायकोडर्माच मरेल.

माध्यम आणि भांडं

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडसर वाळू. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात फुगवली की साधारण आठ लिटर कोकोपीट होतं. ते एक-दोनदा धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. वाळू नदीची असेल तर चाळून घ्या. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) असेल तर तिची पूड धुऊन काढा, नाहीतर ती खाली बसून चिखल करते. समुद्राची वाळू नको. शेणखत, गांडूळखत या टप्प्यावर अजिबात घालू नका. बीला अन्न लागत नाही आणि खतामुळे चिलटं येतात.

ओल किती हवी? मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर ते पसरून थोडं सुकवा. केळीच्या बिया वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, जास्त पाणी.

गुलाबी केळीसाठी झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा घ्या, अंदाजे ३० बाय २० सेंटिमीटर, उंची १०-१२. खाली भोकं पाडायची गरज नाही, कारण आतली ओल आतच फिरते. सात सेंटिमीटर माध्यम भरायला ओलं कोकोपीट तीन लिटर आणि वाळू दीड लिटर पुरते. चार-चार सेंटिमीटरवर बिया ठेवल्या की तीसेक बसतात. खोली १ सेंटिमीटर.

कवदरचं बी मात्र एकेका पिशवीत लावा. रोपवाटिकेत मिळतात त्या ५ बाय ७ इंची काळ्या पॉलिथिन पिशव्या चालतात. तळाचा दोन तृतीयांश भाग लाल माती, वाळू आणि जुनं कंपोस्ट यांच्या समभाग मिश्रणाने भरा आणि वरचा तृतीयांश कोकोपीट-वाळूने. बी वरच्या स्वच्छ थरात २ ते अडीच सेंटिमीटर खोल ठेवा. ते कुजत नाही, आणि मुळं खाली गेली की त्यांना खाऊ तयार असतो. पहिल्या पावसाळ्यापर्यंत रोप हलवावं लागत नाही. पिशव्या एका क्रेटमध्ये उभ्या ठेवून वरून पारदर्शक प्लास्टिक टाका.

उंदीर आणि खारी कवदरचं बी उकरून नेतात. आत नुसतं पीठच असतं ना! क्रेटवर बारीक जाळी बांधा.

तापमान: सगळा खेळ इथे आहे

रानकेळीच्या बीला नुसती ऊब पुरत नाही, तिला दिवस-रात्रीचा चढउतार लागतो. दाट सावलीतल्या जमिनीचं तापमान दिवसरात्र जवळपास सारखं असतं. झाड पडून किंवा दरड कोसळून जागा उघडी झाली की तिथली जमीन दिवसा तापते आणि रात्री निवते. रानकेळ उजेडाची भुकेली, मोकळी जागा मिळाल्यावरच फोफावणारी. तापमानाचा हा झोका म्हणजे तिच्या बीसाठी वर जागा रिकामी झाल्याची खूण असते. म्हणून चोवीस तास ३० अंशांवर ठेवलेला डबा महिनोन् महिने तसाच राहू शकतो, आणि गच्चीच्या कोपऱ्यात दुर्लक्षित राहिलेल्या डब्यातून कोंब येतात.

दिवसा ३० ते ३५ आणि रात्री १८ ते २२ अंश, असा दहा-बारा अंशांचा फरक रोज मिळेल असं बघा. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात फेब्रुवारी आणि मार्चमध्ये हवाच हे काम करते. पेरणी तेव्हाच उरका. मुंबई, कोकण आणि गोव्यात फेब्रुवारीच बरा. मार्च संपता संपता रात्री उबदार होत जातात आणि फरक घटतो. भर पावसाळ्यात पेरू नका, कारण दिवस-रात्रीत चार-सहा अंशांचंच अंतर उरतं आणि हवेत बुरशी असते ती वेगळीच. विदर्भात मेमध्ये डबा तापून बी भाजण्याची भीती, तिथे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

डबा उजेडाच्या सावलीत ठेवा, थेट उन्हात नाही. बंद पारदर्शक डब्यावर दुपारचं ऊन पडलं तर आतला पारा सहज ५० च्या वर जातो. मत्स्यटाकीसाठी मिळतो तो तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक बीच्या खोलीवर खुपसून ठेवा. दुपारी तीनला आणि पहाटे एकदा बघा. दुपारी ३८ च्या वर जात असेल तर जागा बदला. पहाटेही २५ च्या खाली येत नसेल तर डबा रात्री उघड्यावर ठेवा किंवा फरशीवर उतरवा.

लंडन किंवा न्यू जर्सीत हिवाळ्यात करायचं तर रोपांसाठी मिळणारी गरम गादी डब्याखाली ठेवा आणि टायमर लावा, बारा तास चालू आणि बारा तास बंद. खोलीचं तापमान १८-२० असेल तर गादी बंद असताना बी आपोआप निवतं. गादी सतत चालू ठेवणं ही तिथली नेहमीची चूक.

वाट बघण्याचा काळ

गुलाबी केळ तीन-चार आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत केव्हाही उगवते. कवदरला एक ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. दोन आज, एक महिन्याने, मग काही नाही आणि एका पावसानंतर अचानक पाच. त्यामुळे पहिली रोपं काढून घेतल्यावर डबा फेकू नका, वर्षभर ठेवा. बी उकरून बघायचा मोह आवरा. नुकता फुटलेला पांढरा कोंब ठिसूळ असतो, बोटाचा धक्का लागला तरी तुटतो, आणि त्या बीतून दुसरा येत नाही.

आठवड्यातून एकदा झाकण पाच मिनिटं उघडा. झाकणाच्या आतून बारीक दव दिसत असेल तर ओल ठीक आहे. थेंब ओघळत असतील तर झाकण अर्धा दिवस उघडं ठेवा. दवच नसेल तर फवारणीच्या बाटलीने थोडं पाणी मारा.

पांढरी बुरशी एखाद-दुसऱ्या बीवर दिसली तर तेवढी बी चमच्याने उचला, धुवा, फोडून पाहा. मेलेल्या बीवरच ती सहसा आधी येते. सगळ्या पृष्ठभागावर पसरली असेल तर माध्यम फार ओलं आहे. बिया काढून, धुऊन, नव्या माध्यमात पेरा. माध्यमावर बारीक काळी चिलटं उडत असतील तर वर अर्धा सेंटिमीटर कोरड्या जाड वाळूचा थर द्या आणि पिवळा चिकट कागद टांगा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

उगवल्यानंतरचे पहिले दोन महिने

आधी गवताच्या टोकासारखी गुंडाळलेली सुरळी वर येते आणि चार-आठ दिवसांत पहिलं पान उलगडतं. बी जमिनीतच, एका बाजूला चिकटलेलं राहतं. ते ओढून काढू नका, रोप अजून त्यातूनच अन्न घेत असतं.

डब्यात पहिलं रोप दिसलं की झाकण एकदम काढायचं नाही. रोज थोडं जास्त उघडत आठवडाभरात पूर्ण काढा. एकदम काढलं तर पानं कडेने करपतात, आणि बंदच ठेवलं तर बुडाशी पाणचट डाग पडून रोप आडवं होतं. ही रोपमर. एकदा आडवं झालेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांना वारा द्या आणि दोन दिवस पाणी बंद करा.

दोन-तीन पानं झाली की गुलाबी केळीची रोपं पिशवीत हलवा. त्यासाठी दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पिशवीमागे चमचाभर निंबोळी पेंड. चमच्याने मुळांभोवतीच्या माध्यमासकट उचला. खोडाला धरून उपटू नका, पानाला धरा. डब्यातली शेजारची न उगवलेली बी हलली तरी हरकत नाही, परत झाकून ठेवा.

५० टक्के सावलीच्या हिरव्या नेटखाली दोन आठवडे, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. चौथं-पाचवं पान आल्यावर १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात दर पंधरवड्याला द्या. याहून जास्त दिलं तर पानांच्या कडा तपकिरी होतात. पाणी मातीत घाला, पोंग्यात साठू देऊ नका.

कायमची जागा

गुलाबी केळीला १६ इंची कुंडी किंवा ४० लिटरची ग्रो बॅग. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तिला माती सुकलेली चालत नाही. महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि १० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश द्या. केळीला पोटॅशची भूक मोठी असते आणि तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. मुनवे भरमसाट येतात, तीन-चार ठेवून बाकीचे कापा. वाऱ्याच्या तोंडावर कुंडी ठेवली तर पानांच्या चिंध्या होतात. दिसायला वाईट, पण झाडाला त्याने काही होत नाही.

कवदरचं वेळापत्रक उलटं आहे, आणि घरी वाढवलेल्या कवदरी मरतात त्या बहुतेक हे न समजल्यामुळे. जून-जुलैत तिला १० इंची कुंडीत हलवा. मिश्रणात एक भाग बारीक मुरूम घाला. पावसाळाभर ती झपाट्याने वाढते, तेव्हा महिन्याला किलोभर कंपोस्ट आणि मूठभर राख द्या. सप्टेंबरनंतर खत बंद. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली की रोग समजून पाणी वाढवायचं नाही, उलट बंद करायचं. झोपलेल्या कंदाला पाणी दिलं की तो आतून सडतो. अपवाद पहिल्या वर्षाच्या रोपांचा. त्यांचा कंद लिंबाएवढाच असतो आणि पूर्ण कोरडा ठेवला तर सुकून जाऊ शकतो. त्यांना उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पेलाभर पाणी द्या आणि कुंडी सावलीत सरकवा. दुसऱ्या वर्षापासून तेही नको.

कंद जिवंत आहे का हे बोटाने दाबून कळतं. घट्ट असेल तर ठीक. मऊ लागला आणि आंबूस वास आला तर गेला. एप्रिल-मेमध्ये वरून पूर्ण मेल्यासारखी दिसणारी कवदर उपटून टाकू नका, जूनचे पहिले दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

दुसऱ्या वर्षी १८ इंची कुंडी, तिसऱ्या वर्षी जमीन किंवा १०० लिटरचा ड्रम, तळाला सहा-आठ भोकं पाडून. जमिनीत दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, त्यात निम्मी माती, पाव मुरूम, पाव कंपोस्ट आणि पाव किलो निंबोळी पेंड. फुगलेलं बूड अर्धं जमिनीवर राहील असं लावा. काळ्या मातीत खड्डा करूच नका, ऑगस्टमध्ये त्यात पाणी साचून कंद जातो. तिथे मुरूम-मातीचा फूट-दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर लावा. उतार असेल तर उत्तम, कड्यावरच्या झाडाला उतारच मानवतो. भिंतीपासून आठ-दहा फूट सोडा, पानांचा पसारा मोठा होतो.

रोगकिडी कमी. उन्हाळ्यात गुलाबी केळीच्या पानांच्या मागे लाल कोळी आणि बुडाशी पिठ्या ढेकूण दिसतात. पानं मागून पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा ५ टक्के निंबोळी अर्क मारा. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी कोवळा पोंगा खातात. संध्याकाळी हाताने वेचणं हाच खात्रीचा उपाय. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, ती माती पुन्हा वापरू नका. जवळपास केळीची बाग असेल तर पर्णगुच्छाकडे लक्ष ठेवा. पानं आखूड, ताठ होऊन शेंड्याला गुच्छासारखी जमली तर झाड मुळासकट काढून नष्ट करा. मावा हा रोग पसरवतो आणि त्यावर औषध नाही.

कवदरला फूल यायला पाच-सात वर्षं किंवा जास्तही लागू शकतात. केळफूल लोंबायला लागलं की त्याची भाजी करायची की बी धरायचं हे आधी ठरवा. बी हवं असेल तर घड झाडावरच पिवळा पडू द्या आणि फळं गळायला लागली की खाली जुनी साडी अंथरून गोळा करा. एका घडातून शेकडो बिया निघतात. कागदी पाकिटात भरून, त्यावर महिना-साल लिहून, घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवा. येत्या फेब्रुवारीत पेरायच्या तेवढ्या बाजूला काढून बाकीच्या लगेच वाटून टाका. सुकलेलं खोड फाळ्या करून खड्ड्यात पुरलं की त्याचं कुजून खत होतं, फक्त त्यात सोंड्या भुंग्यांच्या अळ्या आहेत का हे आधी चिरून बघा.